आमच्याकडं झालं!

दोन वर्षांपूर्वी प्रजासत्ताक दिनाच्या सकाळी, दिल्लीचं संचलन टीव्हीवर चालू असताना, दिग्रसच्या आमच्या गल्लीतले एक गृहस्थ घरातला टीव्ही तसाच चालू ठेवून अनवाणी बाहेर पडले आणि गल्ली ओलांडून समोरच्या ओट्याकडे धावत गेले. त्यांना धावायची डॉक्टरांनी मनाई केली होती. गल्लीतल्या अनेकांनी हे पाहिलं. मीही पाहिलं, कारण माझं घर त्या ओट्याला लागून आहे.

गृहस्थांचं नाव इथे देत नाही. गल्लीत त्यांना सगळे चाचा म्हणत. ज्यांचा ट्रक किंवा ट्रॅक्टर कधी रस्त्यात तापून बंद पडला असेल, ते त्यांना पुसद रोडवरचे रेडिएटरवाले म्हणून ओळखत. दुकानात पाण्याचा एक सिमेंटचा हौद होता. फुटका रेडिएटर त्यात बुडवायचा, पंपाने हवा भरायची आणि बुडबुडा कुठून निघतो ते पाहत बसायचं. बुडबुडा निघाला की बाहेर काढून त्या जागी खडूची फुली मारायची आणि मग कथिलाच्या झाळकामाला घ्यायचं. हे पाहत बसणं कधी कधी बराच वेळ चाले. त्या वेळात गिऱ्हाईक काही बोललं, तर चाचा हात वर करत. बोलणं बंद.

घरी मात्र त्यांचा हात वर होत नसे. घरी त्यांचा आवाज वर होई.

चाचांच्या छतावर फुकट चॅनलची डिश-अँटेनाची छत्री होती. एके काळी गल्लीतल्या बहुतेक घरांवर अशा छत्र्या होत्या. पुढे केबल आली, मग मोबाइल आले, आणि छत्र्या उतरल्या. एका घरी ती उलटी करून कोंबड्या झाकायला घेतली, एका घरी तिच्यात उन्हाळ्यात कुरडया वाळतात. चाचांनी आपली छत्री उतरवली नाही. कोणी विचारलं की ते बोट आधी आभाळाकडे आणि मग टीव्हीकडे करत.

"वरून निंगते अन् सरळ घरात येते. मधात कोनी नाही."

या वाक्यात तथ्य होतं, हे गल्लीला पुढे क्रिकेटच्या एका सामन्यात कळलं. गल्लीतले सगळे आपापल्या ओट्यावर मोबाइल लावून बसले होते. गोलंदाज धावत निघाला होता, चेंडू अजून त्याच्या हातात होता, आणि चाचा आपल्या दारात येऊन उभे राहिले. एक हात चौकटीवर, दुसरा कमरेवर.

"आमच्याकडं झालं!"

काय झालं, ते त्यांनी सांगितलं नाही. थोड्या वेळाने मोबाइलवरचा फलंदाज त्रिफळाचीत झाला.

सरकारी चॅनलवरचं चित्र छत्रीतून ज्या क्षणी घरात येई, तेच चित्र मोबाइलवर फिरून फिरून, दम खात, उशिराने पोचे. गल्लीत नेटवर्क मुळात अशक्त, त्यामुळे हा उशीर चांगलाच जाणवण्यासारखा होता. चाचांना हा शोध लागला त्या दिवसापासून त्यांचा टीव्ही बघण्याचा आनंद दुप्पट झाला आणि गल्लीचा निम्मा झाला.

खोड अशी की ते फक्त 'झालं' म्हणत. बाद की षटकार, आपलं की त्यांचं, ते सांगणं त्यांना बरोबर वाटत नसे.

"काय झालं वो चाचा?"

"दिसन ना आता तुमाले. घाई कायले करता?"

तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल, जो चोरी करत नाही, उसनं मागत नाही, कोणाच्या अध्यातमध्यात नसतो, आणि तरीही लोक त्याच्यावर दात-ओठ खातात. चाचा आमचे तसे होते. सगळ्यात जास्त राग समोरच्या राऊतकाकूंना येई. काकू अंगणवाडीत सेविका. स्टीलच्या डब्याला मोबाइल टेकवून, हाताने काही ना काही निवडत, सोलत त्या सामना पाहत.

"चाचा, जरा गप राहा ना! आमचा बॉल अजून टाकाचा आहे."

"टाका ना वहिनी. मी कुठं धरून ठेवला?"

यान चंद्रावर उतरलं त्या संध्याकाळी तर कहर झाला. सगळी गल्ली श्वास रोखून मोबाइलकडे पाहत होती. पडद्यावर यान अजून खाली येत होतं, आकडे उतरत होते, काकूंनी हात जोडले होते. चाचा दारात आले. या वेळी त्यांनी स्वतःचा नियम मोडला.

"आमच्याकडं उतरलं!"

काकूंनी जोडलेले हात सोडले. "चाचा, चंद्रावर तरी आमाले आमच्या वेळेनं उतरू द्या!"

त्यावर चाचांनी पेढ्यांचा पुडा पुढे केला. पेढे दुपारीच आणून ठेवले होते. उतरलं नसतं तर काय केलं असतं, असं कोणीतरी विचारलं. "खाल्ले असते घरात, दरवाजा लावून," ते म्हणाले.

त्यांना एकच मूल, सबा. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर झालेली. दहावीपर्यंत ती गल्लीत सायकल चालवताना दिसे. कॉलेजात गेली तशी छात्रसेनेच्या, म्हणजे एनसीसीच्या, खाकी कपड्यांत दिसू लागली. पहाटे ती धावायला निघे, तेव्हा चाचा छताच्या कठड्याला टेकून ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत पाहत उभे राहत. एका नातेवाइकाने, पोरीची जात, उन्हातान्हात कवायत कशाला, असा विषय काढला. चाचांनी त्यांना चहा पाजला, बिस्किटं दिली आणि सांगितलं, "तुमच्या गाडीचं रेडिएटर गळून राह्यलं ना, ते घेऊन या. पोरीचं मी पाहून घेईन." विषय तिथेच संपला. गाडी खरोखरच दुरुस्तीला आली.

सबाच्या दुसऱ्या वर्षी दिल्लीच्या संचलनासाठीची निवड सुरू झाली. एका शिबिरातून दुसरं, तिथून तिसरं. प्रत्येक शिबिरात मुली कमी होत गेल्या आणि सबा राहत गेली. त्याच पावसाळ्यात चाचांना छातीत दुखू लागलं. नागपूरला नेलं, शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी सांगितलं: दगदग नको, लांबचा प्रवास नको, जिने कमी, धावपळ अजिबात नाही. दुकान उघडायची परवानगी मिळाली, पण वजन उचलायचं नाही.

डिसेंबरात सबाची अंतिम निवड झाली. ती दिल्लीला गेली. आईवडिलांनी सोबत जाण्याचा प्रश्नच नव्हता. चाची त्यांना एकटं सोडणार नव्हत्या, आणि डॉक्टर त्यांना सोडणार नव्हते. म्हणजे मुलीला कर्तव्यपथावर चालताना पाहायचं, तर ते घरातल्या टीव्हीवरच, आणि जेवढा वेळ कॅमेरा तिच्या तुकडीवर राहील तेवढाच वेळ. बातम्यांच्या धंद्यात असल्याने मला अंदाज होता. मी त्यांना सांगितलं की, एका तुकडीला फार थोडे क्षण मिळतात.

"चालते," चाचा म्हणाले. "बुडबुडा तरी किती वेळ राह्यते? आपलं काम पाह्यचं आहे."

त्या महिन्यात रेडिएटर घेऊन येणाऱ्या प्रत्येक माणसाला ही बातमी मिळाली. वणीकडून आलेल्या कोळशाच्या ट्रकवाल्याला, तांड्यावरून ट्रॅक्टर घेऊन आलेल्या राठोडांना, ज्याचं काही फुटलं नव्हतं आणि जो फक्त पत्ता विचारायला थांबला होता, त्यालाही. "माझी सबा दिल्लीले परेड करून राह्यली. सव्वीसले पाह्यजा. सरकारी चॅनलवर." कुठल्या चॅनलवर, हे ते आवर्जून सांगत.

तयारीचा पहिला भाग छतावर झाला. वानरांच्या टोळ्या आमच्या भागात फिरतात आणि छत्री ही त्यांची आवडती बैठक. एक वानर बसलं की छत्री वाकते आणि चित्राचे चौकोन चौकोन होतात. चाचांना जिना मना होता, म्हणून ते खाली रस्त्यात उभे राहिले आणि मी वर चढून छत्रीच्या दांड्याला बाभळीची काटेरी फांदी बांधली. ते खालून सांगत होते, डावीकडं, वर, अजून एक तार मार. घरातून चाची ओरडून सांगत होत्या, "साफ है जी, साफ है! कितनी बार बोलूं?"

दुसरा भाग पडद्यावर झाला. सबाने फोनवर सांगितलं होतं की ती शेवटून दुसऱ्या ओळीत, एका कडेला आहे. चाचांनी खडू आणला आणि टीव्हीच्या काचेवर उजव्या बाजूला बारीक फुली मारली. हौदातून काढलेल्या रेडिएटरवर मारत तशीच.

"इथून निंगन," त्यांनी मला दाखवलं.

चाचींनी ती फुली पदराने पुसली. त्यांनी परत मारली. चाचींनी परत पुसली आणि म्हणाल्या, "बेटी है, लीकेज नहीं." सव्वीसच्या सकाळी फुली काचेवर होती.

त्या सकाळी चाचांच्या घरात गर्दी झाली नाही. ती त्यांनीच होऊ दिली नाही. माणसं मधे येतात, उठतात, बसतात, ते नको होतं. गल्ली आपापल्या ओट्यावर मोबाइल लावून बसली होती. दार मात्र सताड उघडं होतं, आणि माझ्या ओट्यावरून चाचांच्या टीव्हीची एक कड आणि त्यांची पाठ दिसत होती. त्यांनी इस्त्रीचा कुर्ता घातला होता. राऊतकाकू झेंडावंदन उरकून आल्या होत्या आणि तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

पलटणी गेल्या. बँड गेले. चाचा एकदाही उठले नाहीत, एकदाही 'झालं' म्हणाले नाहीत. काकू म्हणाल्या, "आज तब्येत बरी नाही का चाचाची?"

मग उंट आले. उंट गेले. पुढे निवेदकाने छात्रसेनेच्या मुलींच्या तुकडीचं नाव घेतलं. ते आम्हाला सगळ्यांना चाचांच्या टीव्हीतूनच ऐकू आलं.

यापुढचं सगळं फार थोड्या वेळात घडलं. चाचा उठले. वर्षानुवर्षांची सवय त्यांना ज्या बाजूला नेई, त्याच बाजूला घेऊन गेली. ते दारात आले, एक हात चौकटीवर ठेवला, आणि आमच्या गल्लीने त्यांचा इतका मोठा आवाज आधी कधी ऐकला नव्हता.

"आली! आमच्याकडं आली! सबा आली!"

आतून चाची ओरडल्या, "दिखी! अजी, दिखी! वो देखो!"

चाचा वळले. पडद्यावर प्रेक्षकांतली लहान मुलं झेंडे हलवत होती. त्यानंतर पुढची तुकडी आली.

खडूची फुली काचेवर होती तिथेच होती. सबा तिथून गेलीच नव्हती. चाचींनी नंतर सांगितलं की कॅमेरा पलीकडच्या बाजूने होता, आणि ती डाव्या कडेने आली.

"कहां?" चाचांनी विचारलं.

"गई," चाची म्हणाल्या.

चाचा दाराकडे तोंड करून उभे राहिले. मी त्यांचा चेहरा पाहिला. त्याचं वर्णन करणं इथे आवश्यक नाही. गल्लीतल्या सगळ्यांना काय झालं ते कळलं होतं. ज्या माणसाने आमचे इतके चेंडू आधीच खाऊन टाकले होते, त्याचाच चेंडू आज हुकला होता.

तेवढ्यात राऊतकाकू मांडीवरच्या शेंगांसकट उभ्या राहिल्या. शेंगा ओट्यावर सांडल्या.

"चाचा! काहून उभे राह्यले? आमच्याकडं अजून उंटच चालू आहेत! या ना लवकर!"

चाचांना समजायला एक क्षण लागला. मग ते धावले.

"अजी, चप्पल! अजी, धीरे!" चाची मागून ओरडत होत्या, आणि स्वतःही अनवाणी त्यांच्या मागे धावत होत्या.

मोबाइलवर शेवटचा उंट पडद्याबाहेर चालला होता. चाचा ओट्याच्या पायरीवर टेकले. काकूंनी मोबाइल डब्यासकट त्यांच्या समोर सरकवला. आम्ही मागे जमलो. निवेदकाने तेच वाक्य त्याच आवाजात पुन्हा म्हटलं. मुली आल्या. पडदा तळहाताएवढा होता, ओळी काड्यांसारख्या दिसत होत्या. चाची वरून वाकून म्हणाल्या, "उधर, उधर, बाएं!" आणि कॅमेरा कडेने जवळ आला.

"ही," चाचा म्हणाले. "ही!"

दोन्ही वेळा त्यांनी बोट पडद्यावर टेकवलं. कथिलाने जागोजागी भाजलेलं ते बोट. दुकानात जागा सापडली की ते हाच हात पुढे करत. मोबाइलवर असं बोट टेकवलं की काय होतं, हे त्यांना माहीत नव्हतं, कारण त्यांनी मोबाइलवर कधी काही पाहिलं नव्हतं. पहिल्या बोटाने पडद्यावर थांबवायची कळ आली. दुसऱ्या बोटाने चित्र थांबलं.

सबा थांबली. हनुवटी वर, नजर उजवीकडे, हात खांद्याच्या रेषेत. एक बूट जमिनीवर, दुसरा हवेत.

कोणी ते पुन्हा चालू केलं नाही. समोरच्या घरात चाचांच्या टीव्हीवर संचलन पुढे गेलं. चित्ररथ आले, विमानं आली, त्यांचा आवाज गल्लीत ऐकू येत होता. ओट्यावर सबा तशीच उभी होती. चाचांनी तिला मन भरून पाहिलं, आणि मग मोबाइल उचलून एकेकाच्या समोर धरला. आम्हा सगळ्यांच्या. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला त्यांनी गल्ल्यावरून बोलावून आणलं. "पाह्य. बुटाची उंची पाह्य. बाजूची पोरगी अन् आपली पोरगी, एक सूत फरक नाही." खरोखरच फरक नव्हता. तेवढं तपासायला आम्हा सगळ्यांना वेळ मिळाला होता.

शेवटी काकू म्हणाल्या, "चाचा, माह्या मोबाइलची बॅटरी संपून राह्यली."

"संपू द्या," चाचा म्हणाले. मग चार्जर आणायला स्वतःच घरी गेले. या वेळी सावकाश.

फेब्रुवारीत सबा परत आली. स्टँडवर तिला घ्यायला गल्ली गेली होती, दोन ट्रॅक्टर आणि एक ट्रक उभा होता. ट्रकच्या समोर हार घातला होता. तो ट्रक दुरुस्तीलाच आलेला होता, पण मालकाने हाराला हरकत घेतली नाही. संध्याकाळी सबा काकूंच्या ओट्यावर बसली होती, चाचा समोर खुर्चीत.

"अब्बा, मी दिसले का? किती वेळ दिसले?"

"लय वेळ," चाचा म्हणाले. "अन् सगळ्याच्या आधी मीच पाह्यलं."

काकू गहू निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"हो बाई," त्या म्हणाल्या. "आमच्या आधी त्याहीनंच पाह्यलं. छत्री आहे ना त्याहीची."

ओट्यावर बाकीचेही होते. त्यांनीही माना डोलावल्या.

त्यानंतर गल्लीतली भांडणं पूर्वीसारखी चालू झाली. सामना असला की चाचा दारात येत, 'झालं' म्हणत, काकू ओरडत. एक बदल मी नोंदवला. छात्रसेना, कवायत, बँड, असं काहीही टीव्हीवर असलं, तर ते दारात येत नसत. आधी स्वतःच्या टीव्हीवर शेवटपर्यंत पाहत आणि मग गल्ली ओलांडून काकूंच्या ओट्यावर येऊन तेच दुसऱ्यांदा पाहत.

पुढल्या वर्षी दिवाळीनंतर चाचा गेले. दुकानात, दुपारी, हौदाजवळ. शेजारच्या वेल्डिंगवाल्याने हाक मारली तेव्हा त्यांनी हात वर केला नाही. दफनविधी त्याच संध्याकाळी झाला. रस्त्याच्या कडेला उभ्या ट्रकांची रांग वळणापर्यंत गेली होती.

त्यानंतरच्या सामन्यात गल्ली ओट्यावर मोबाइल घेऊन बसली. चाचांचं दार उघडं होतं, आत टीव्ही बंद होता. गोलंदाज धावत निघाला, तसं दोघातिघांनी सवयीने दाराकडे पाहिलं. आता आमच्या गल्लीत विकेट पडते तेव्हाच पडते.

या वर्षीच्या प्रजासत्ताक दिनी तालुक्याच्या ध्वजारोहणानंतर मैदानावर संचलन झालं. छात्रसेनेच्या तुकडीचं नेतृत्व सबाने केलं. चाची पुढच्या रांगेत बसल्या होत्या, त्यांच्या शेजारी राऊतकाकू. मंडपासमोर आल्यावर सबाने हुकूम दिला, तुकडीने माना उजवीकडे वळवल्या, आणि काकू उठून उभ्या राहिल्या. मागच्या रांगेने खाली बसायला सांगितलं, पण त्या बसल्या नाहीत. कार्यक्रम लांबला. बक्षिसं झाली, भाषणं झाली, गल्लीतलं कोणी मधून उठून गेलं नाही.

लिहिण्याआधी मी घरोघर विचारून खात्री करून घेतली. यंदा दिल्लीचं संचलन त्या सकाळी आमच्या गल्लीत कोणीही पाहिलं नाही.